साधं का बाटलीचं

“साधं का बाटलीचं?”

हॉटेलात येणाऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात तसंच मी विचारलं. फरक एवढाच, की कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसलेलं हे गिऱ्हाईक माझा बाप होता.

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि परत घातली. एसटीच्या वर्कशॉपात गाड्यांखाली आडवं होऊन उभा जन्म काढलेला माणूस. डबा घरून न्यायचा, रिकामा घरी आणायचा. हॉटेलात खुर्चीवर बसून ऑर्डर सोडायची त्यांना सवयच नव्हती.

“दोन्हींच्या पैशात फरक काय?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“साधं आपल्या विहिरीचं. ते फुकट. बाटलीचं कंपनीचं, त्याला पैसे पडतात.”

“मग बाटलीचं,” अण्णा लगेच म्हणाले. “फुकटचं मला कसं चालंल?”

ते चालणार नाही हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

आमच्यात मुलीच्या बापाला तिच्या सासरचं पाणी चालत नाही. तिची कूस उजवली, मांडीवर मूल आलं, की मग तो तिच्या घरी जेवतो, पाणी पितो, वाटलं तर चार दिवस मुक्कामही करतो. तोवर उंबऱ्याबाहेर बसायचं, ख्यालीखुशाली विचारायची आणि उठायचं. हे आता कुणी पाळत नाही. तेव्हाही फारसं कुणी पाळत नव्हतं, पण अण्णा पाळायचे. माझ्या थोरल्या बहिणीला वर्षाच्या आत मुलगा झाला, त्यामुळे तिथं त्यांचं काही अडलं नाही. माझ्या लग्नाला मात्र नऊ वर्षं झाली होती.

एवढ्या वर्षांत अण्णा सणावाराला, कधी सहज म्हणून यायचे. हॉटेलाबाहेरच्या बाकड्यावर बसायचे. पिशवीतून फिरकीचा तांब्या काढायचे, झाकण फिरवून घरून आणलेलं पाणी प्यायचे. आत जेवणारी माणसं खिडकीतून बघायची. हॉटेलमालकाचा सासरा बाहेर बसून स्वतःचं पाणी पितोय, असं एक जण दुसऱ्याला सांगायचा, आणि दुसरा ‘का’ म्हणून विचारायचाच. माझ्या रिकाम्या कुशीची दवंडी वेगळी पिटायची गरज नव्हती. अण्णांचा तांब्या ते काम चोख करायचा.

मी किती वेळा पाया पडून सांगितलं असेल. “अण्णा, एक घोट घ्या. माझ्यासाठी घ्या.” ते हसायचे. “घेणार हाय की. घाई काय हाय?” म्हणायचे आणि तांब्याचं झाकण लावायचे. अशा वेळी मला तो तांब्या उचलून रस्त्यावर फेकून द्यावासा वाटायचा.

त्या दिवशी तांब्यानंच दगा दिला. मे महिना, टळटळीत दुपार. एसटीतून उतरून अण्णा आले ते पिशवी अंगापासून लांब धरून, आणि पिशवीतून थेंब थेंब पाणी गळत होतं. फिरकीचे आटे झिजले होते. तांब्या मोकळा, टॉवेल चिंब, माझ्यासाठी आणलेल्या लाडवांचा पार लगदा. अण्णांचे ओठ पांढरे पडले होते. बोलताना जीभ टाळ्याला चिकटत होती.

“समोर पितो जाऊन,” असं म्हणून ते रस्ता ओलांडायला निघाले. समोर पंक्चरवाल्याकडे माठ असायचा. मागं एकदा असंच पाणी संपलं तेव्हा अण्णा तिथं जाऊन पाणी पिऊन आले होते, आणि व्याह्यांनी आपलं हॉटेल सोडून पंक्चरवाल्याचा माठ जवळ केला म्हणून आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या. पण आज पंक्चरवाला कुणाच्या लग्नाला गेला होता. दुकान बंद. पुढं पार फाट्यापर्यंत पाण्याची सोय नव्हती.

माझ्या डोक्यात ती युक्ती तेव्हा आली.

“अण्णा, हे घर वर हाय. खाली हॉटेल हाय. तुम्ही पाव्हणं म्हणून येऊ नका, गिऱ्हाईक म्हणून या. पैसे टाका, पाणी प्या. मग काय अडलंय?”

अण्णा विचारात पडले. “हॉटेलाची चूल येगळी का घरची?” त्यांनी विचारलं.

इथं माझी पंचाईत झाली. आमच्या पाटीवर ‘घरगुती जेवण’ असं लिहिलं होतं आणि ते अक्षरशः खरं होतं. एकच स्वयंपाकघर, एकच चूल, एकच विहीर. गिऱ्हाइकाला वाढायचं तेच आम्ही खायचो. पण बाटलीबंद पाणी तेव्हा नुकतंच आमच्या रस्त्याला आलं होतं. त्याचे खोके टेम्पोतून यायचे. त्याला ना आमची विहीर लागली होती ना आमचा हात. हे सांगितल्यावर अण्णा उठले, चपला बाहेर काढल्या, मग हॉटेलात कुणी चपला काढत नाही हे बघून परत घातल्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाऊन बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझा बाप आमच्या छपराखाली आला. मला इतका आनंद झाला, की मी रावसाहेबाच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि म्हटलं, “ह्या टेबलाला मीच बघणार.”

रावसाहेब हा आमचा वेटर. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव. गिऱ्हाईक हाक मारायला बिचकायचं.

आनंद होता, तशी धास्तीही होती. चारच दिवसांपूर्वी मी आणि माझा नवरा हिंदुराव मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. अण्णांना ते ठाऊक होतं. भर उन्हात ते कशासाठी आले होते हे मला कळत होतं, आणि त्यांनी विचारू नये म्हणूनच मी ऑर्डर, गिऱ्हाईक, हे-ते लावून धरलं होतं. हिंदुरावांनाही ते कळलं असावं. सासऱ्यांची टोपी दिसताक्षणी ते भाजी आणायला म्हणून मोटरसायकलवरून पसार झाले होते.

मी गार बाटली आणून टेबलावर ठेवली. काचेचा पेला पुसून ठेवला. बाटलीवरून पाण्याचे ओघळ चालले होते. अण्णांनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि कोपरीच्या खिशात हात घातला.

“पैसे आधी घे.”

“पैसे शेवटी असतात अण्णा. आधी प्यायचं, मग बिल, मग बडीशेप, मग टीप.”

“टीप ती काय आणि?”

“वाढणाऱ्याला खुशीनं देतात ती. बडीशेपेच्या ताटलीत ठेवायची.”

“पगार देत न्हाईसा व्हय तुम्ही रावसाहेबाला?”

“देतो की. ही वरची.”

“पगार घेऊन वर आणि खुशी,” अण्णा म्हणाले. “आम्हाला कुणी गाडी दुरुस्त केल्यावर खुशी दिली न्हाई. बरं, दिऊ. पर पाण्याचे पैसे आधीच. प्यालो आणि तुम्ही घेतलं न्हाईसा तर माझं व्रत मोडंल. त्यापरीस आधी पावती आण.”

मी पैसे घेऊन गल्ल्यावर गेले. गल्ल्यावर आत्ती बसायच्या. सासरे गेल्यापासून त्या लाकडी खुर्चीवरून त्यांना कुणी उठवलं नव्हतं. त्यांनी सगळं बघितलं होतं, ऐकलंही असणार.

“काय हे?”

“एका बाटलीचे, आत्ती.”

“पाव्हण्यांकडनं पाण्याचे पैसे घेऊ?” त्यांनी गल्ल्याचा खण बंद केला. “हिंदुरावाचा सासरा पाणी इकत घेऊन प्याला म्हणून उद्या सगळ्या रस्त्याला ठावं व्हईल. परत दे त्यांचे त्यांना.”

“पैसे घेतल्याशिवाय ते पिणार नाहीत.”

“मग नका म्हणावं पिऊ.”

मी टेबलापाशी परतले. पैसे अण्णांपुढं ठेवले आणि त्यांना सांगितलं. अण्णांनी बाटली माझ्याकडे सरकवली. “मग ने ही.”

मी पुन्हा गल्ल्यावर. आत्ती म्हणाल्या, न्यायचं काय कारण, ठेव तिथंच, वाटलं तर पितील. मी पुन्हा टेबलापाशी. अण्णा म्हणाले, विहीणबाईंना सांग, गिऱ्हाईक गिऱ्हाईक असतंय. मी ते आत्तींना सांगितलं. आत्ती म्हणाल्या, व्याहीबी व्याही असतोय. जेमतेम दहा पावलांचं अंतर, दोघंही एकमेकांचं बोलणं स्वच्छ ऐकत होते, पण सवालजवाब माझ्यामार्फत. पंख्याखाली जेवणाऱ्या दोघा ट्रकवाल्यांनी घास हातात धरून ठेवले होते.

शेवटी रावसाहेबाला राहवलं नाही. “वहिनी, बाटली माझ्या नावावर लावा. मी पाजतो अण्णांना.”

“तुझा पगार कुठनं येतो रं?” अण्णांनी तिकडून विचारलं. “हितनंच न्हवं? मग तुझंबी ह्या घरचंच झालं.”

एकाला पैसे घेणं कमीपणाचं, दुसऱ्याला न देणं पापाचं, आणि मध्ये मी फडकं घेऊन उभी. अण्णांच्या गळ्याची घाटी खालीवर होत होती. बाटलीवरचे ओघळ टेबलावर उतरून त्यांच्या कोपरापर्यंत आले होते. मला रडायला येत होतं आणि हसायलाही येत होतं, आणि दोन्हीतलं काहीच गिऱ्हाइकांसमोर करता येत नव्हतं. नवरा असता तर त्याच्यावर ओरडले असते.

“आत्ती, तुमच्या पाया पडते, घ्या ना पैसे.” मी हळू आवाजात म्हटलं.

आत्तींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या गल्ल्यावरच्या गणपतीच्या तसबिरीला टेकवलेल्या उदबत्तीची राख झाडत राहिल्या. राख केव्हाच झडून गेली होती, तरी झाडत होत्या. रागानं असेल, असं मला वाटलं.

मी परत अण्णांकडे गेले. त्यांनी बाटली दोन्ही हातांत धरली होती. निदान हात तरी गार होत असतील.

“बस जरा,” ते म्हणाले.

“वाढणारी माणसं बसत नाहीत.”

“मग हुबी ऱ्हा.” त्यांनी आवाज उतरवला. “मिरजेला गेलतासा न्हवं?”

“गेलतो.”

“काय म्हणाले डाक्टर?”

मी पेला उचलून पुन्हा पुसला. तो कोरडाच होता.

“पाणी गरम होतंय अण्णा. प्या की.”

“मी काय इचारतोय?”

“पैशाचं मी बघते. मी नंतर गल्ल्यात टाकते. कुणाला कळणार नाही. तुम्ही प्या.”

“शैले.”

“प्या की ओ अण्णा. किती वर्षं झाली. आणि कशासाठी थांबायचं?”

हे मी कसं बोलून गेले मला कळलं नाही. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. वर्कशॉपात बिघडलेल्या इंजिनाला कान लावून ते असेच गप्प राहायचे. लहानपणी मी डबा घेऊन जायची तेव्हा बघितलं होतं. दुसरे लोक खोलाखोली करायचे. अण्णा नुसते ऐकायचे आणि मग सांगायचे, आता हिच्यात काही उरलं न्हाई.

त्यांनी बाटली उचलून टेबलाच्या कडेला ठेवली.

“साधं आण,” ते म्हणाले.

“अण्णा, बाटलीचं आहे की.”

“साधं आण. तुझ्या घरातलं. माठातलं आण.”

याच शब्दांची मी नऊ वर्षं वाट बघितली होती. ते एकदाचे आले, तर मी टेबलावरचे ओघळच पुसत राहिले. रावसाहेब धावला आणि त्यानं माठातल्या पाण्याचा जग माझ्या हातात आणून दिला. मी पेला भरला. थोडं पाणी बाहेर सांडलं. अण्णांनी पेला उचलला, कपाळाला लावला आणि वरून न पिता तोंड लावून प्याले. सावकाश, मध्ये न थांबता, तळापर्यंत.

तो पेला त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावा असं मला वाटलं. नका पिऊ, अण्णा, नका पिऊ, असं मला ओरडायचं होतं. ते तहानेपायी पीत नव्हते. त्यांना कळलं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी चष्मा काढून आम्हाला जे सांगितलं होतं, औषधांवर आणखी पैसे घालू नका म्हणाले होते, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि हिंदुरावांनीही नाही. अण्णांना ते न सांगता कळलं आणि त्यांनी वाट बघणं सोडलं. इतकी वर्षं मला वाटायचं, तो तांब्या माझं वांझपण गावाला सांगतोय. तो तर उलटं सांगत होता. अजून व्हायचं आहे, अजून वेळ आहे, असं म्हणणारी सगळ्या जगात तेवढी एकच वस्तू उरली होती.

“गोड हाय पाणी,” अण्णा म्हणाले. “आणि दे.”

मी आणखी दिलं. दुसरं काय करणार?

गल्ल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आत्ती उभ्या राहिल्या होत्या. एक हात खणावर, एक तोंडावर. मग त्या खाली बसल्या.

अण्णांनी मिशा पुसल्या. मी बडीशेपेची ताटली आणून ठेवली, कारण हॉटेलात शेवटी ती ठेवतात आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

“टीप किती ठिवायची?”

“साध्या पाण्याला नसते अण्णा.”

“वाढणाऱ्याची असती म्हणालीस न्हवं?” त्यांनी बाटलीसाठी काढलेले पैसे ताटलीखाली सरकवले. बडीशेपेचे चार दाणे तोंडात टाकले. माझ्या डोक्याकडे हात नेला, पण ट्रकवाले बघत होते म्हणून की काय, तो टोपीवर नेऊन टोपीच सारखी केली.

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला तसे अण्णा उठून निघाले. मी ओली पिशवी घेऊन मागं धावले. टॉवेल पिळून घातला होता, पण तांब्या टेबलाखालीच राहिला होता.

“अण्णा, तांब्या! थांबा, आणते. झाकण नीट करून देऊ का कुणाकडून?”

“ऱ्हाऊ दे तुझ्याकडं,” गाडीच्या पायरीवर चढता चढता ते म्हणाले. “आता मला कुठं लागतोय?”

गाडी गेली. मी आत आले. ट्रकवाले बिल देऊन निघाले होते. आत्तींनी मला हाक मारली नाही, पण मी आपोआप गल्ल्यापाशी जाऊन उभी राहिले.

“पैसे घेतलं असतं तर बाटलीचं प्याले असते न्हवं ते?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“म्हणून घेतलं न्हाईत.” त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. नऊ वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. “बाटलीचं असू दे न्हाईतर विहिरीचं. ह्या छपराखाली तुझा बाप पाणी प्याला, की सपलं, असं वाटायचं मला. बाहेर बसून तांब्या काढायचा तवा लोक हसायचे, मला बरं वाटायचं. म्हणायची, पाव्हणा अजून थांबलाय. तुम्ही मिरजेस्नं आलासा, मी इचारलं का कायतरी? आलासा तेव्हा तोंडं बघितली तुमची. आणि इचारलं न्हाई.”

मी त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. रावसाहेबानं दोन टेबलं पुसली, बाटली उचलून पुन्हा फ्रीजमध्ये ठेवली. तिचं झाकण कुणी उघडलंच नव्हतं. थोड्या वेळानं एका जीपवाल्यानं ती विकत घेतली.

ऊन उतरल्यावर हिंदुराव आले. भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत.

“अण्णा गेले?”

“गेले. पाणी पिऊन गेले.”

“बाटलीचं?”

“साधं.”

त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. बाहेरच्या बाकड्यावर, अण्णा बसायचे तिथं जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. मी दोनदा चहा नेऊन ठेवला. दोन्ही वेळा गार झाला.

त्यानंतर अण्णा कितीदा तरी आले. पुढची बरीच वर्षं आले. चपला न काढता आत यायचे, त्याच टेबलापाशी बसायचे, पोटभर जेवायचे. कालवणात मीठ कमी पडलं तर रावसाहेबाला मोठ्यानं नावानं हाक मारून सांगायचे. बडीशेपेच्या ताटलीत टीप ठेवायला एकदाही विसरले नाहीत, आणि ती वाढणाऱ्याची म्हणून मी ठेवून घ्यायची. पाणी कोणतं म्हणून मी त्यांना पुन्हा विचारलं नाही. आल्या आल्या साध्या पाण्याचा पेला पुढं करायची. ते पितील तेवढा वेळ आत्ती गल्ल्यावरून तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसायच्या.